कोऱ्या चाचणीतली हळद

माया खरातला माणसं फारशी आवडत नसत, आणि कुपवाडच्या त्या कारखान्यात आवडण्यासारखं होतं तरी कोण? मालक आप्पासो कामगारांना सणाला जेवू घालत आणि वर्षभर ते बोलून दाखवत. त्यांचा भाचा शंभूराज मुख्य अभियंता. त्याला पान्याचा नंबर विचारला तरी तो आधी खिशातून फोन काढायचा.

माया मूळची माण तालुक्यातली. मलकापूरला खोली करून तिनं डिप्लोमा केला, पुण्यात काही वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली आणि चौतिसाव्या वर्षी इथं स्वतःचं काहीतरी घडवलं: हळदीतली भेसळ पकडणाऱ्या यंत्राची नळी. साठ पोलादी कड्या, मधे चिनी मातीच्या चकत्या, आत नायट्रोजन. हळदीचा अर्क फवारायचा, त्याच्या कणांना विजेचा भार द्यायचा. भार चढलेले हे कण, म्हणजे आयन, नळीतून ओढले जातात. आटोपशीर आयन झटकन पोहोचतो, ऐसपैस पसरलेला वायूला धडकत मागं राहतो. नळीपलीकडं प्रत्येकाचं वजन होतं. वेळ आणि वजन दोन्ही जुळलं तर ओळख पटली. या नळीत मायाची दोन वर्षं गेली होती. एकेक कडी तिनं स्वतः घासून बसवली होती.

दसऱ्यानंतर कोरी चाचणी लावली. हळदीचा कणही न घालता नुसता मिथेनॉल फवारला, तरी पडद्यावरच्या आलेखात हळदीचं शिखर उभं!

शंभूराजला आयतंच कोलीत मिळालं. "नळी जुनी हळद धरून ठेवतीया. मी आदीच म्हणलोतो, भायेरची मागवू."

शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं, हळद व्यापाऱ्यांच्या प्रयोगशाळेचे बाळासो. तोवर दोष सापडला नाही तर नळी भंगारात आणि माया परत जोडणीच्या टेबलावर, असं ठरलं.

आप्पासोंचं निदान वेगळंच. "खंडेनवमीला समद्यांनी यंत्रं पुजली. तू तेवढी रजा टाकून गावाला गेलीस. मग कसं चालंल ते सरळ?"

दसऱ्याच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती दरवर्षी आदल्या दिवशीच गावी जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माया दातओठ खात कामाला लागली.

तिनं वायूची टाकी बदलली, नळी दोन दिवस तापवली. शिखर ढिम्म हललं नाही. नळीनं हळद धरली असती तर तापवल्यावर ती ओसरली असती. तिसऱ्या दिवशी तिला त्या शिखराशेजारी एक बारीक उंचवटा दिसला. वेळ वेगळी, वजन वेगळं. मेटॅनिल यलो, म्हणजे भेसळीचा पिवळा रंग. आजवर या यंत्रात फवारलेले सगळे नमुने चोख हळकुंडांचे. मग हा रंग आला कुठून?

यंत्रं पुजल्याचं आप्पासोंचं बोलणं तिला आठवलं. ती तडक ऑफिसातल्या देव्हाऱ्याशी गेली, पूजेच्या हळदीची पुडी उचलली आणि चिमूटभर विरघळवून फवारली. दोन्ही शिखरं त्याच वेळी, त्याच वजनाची, आणि चांगली उंच. मग तिनं फवाऱ्याच्या मुखाचा सांधा उघडला. आत पिवळा लेप. कारखान्याच्या ग्रुपवरच्या पूजेच्या फोटोत सगळं दिसत होतं: शंभूराजनं फोटोसाठी फवाऱ्याचं कवर उतरवलं होतं आणि आप्पासोंनी भक्तिभावानं थेट मुखालाच हळदीची बोटं ओढली होती. वरवरची पुसली, सांध्यातली राहिली.

मुख धुतलं, पडदा सपाट झाला.

"तुमची पूजा नडली, माजी नळी न्हाई," ती दोघांच्या तोंडावर म्हणाली. "उलट नळीनं तुमच्या पुडीतली भेसळ पकडली."

शुक्रवारी सकाळी शंभूराजनं अहवाल पुढं सरकवला. 'नळी निर्दोष. दोषाचे कारण: चाचणी करणाऱ्या माया खरात यांच्या हातून झालेली अशुद्धी.'

"कर सही. नळी वाचली न्हवं?"

"माज्या हातानं?"

"मग काय आप्पासोंचं नाव लिवायचं व्हय?"

तिच्या आजीला गावात ओंजळीत वरून पाणी घालायचे. या हातांनी काय काय बाटतं हे घराण्यानं पिढ्यान् पिढ्या ऐकलं होतं, आणि आता ते टाइप करून तिच्या सहीसाठी आलं होतं. तिनं ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'खंडेनवमीला मुखावर लावलेली हळद. लावणारे आप्पासो. कवर उघडणारे शंभूराज.' खाली पूर्ण नावानं सही ठोकली.

आप्पासोंनी कागद टराटरा फाडला. "लय माज आलाय तुला!"

तिनं दुसरी प्रत काढली, तेच लिहिलं आणि दारातून आत येणाऱ्या बाळासोंच्या हातात दिली. बाळासोंनी वाचलं, पुडी मागवून स्वतःसमोर चाचणी करायला लावली, आणि हीच नळी असलेल्या दोन यंत्रांची ऑर्डर लगेच दिली.

दुपारी आप्पासोंनी मायाला कामावरून काढलं. नळीचे आराखडे तेवढे तिच्याकडून मागून घेतले.