मांडीतला छर्रा

"आबा, हे दुखणं हातांचं नाही, मानेचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात माझा मुलगा संभाजी सोबत होता. आजाराचं नाव सर्व्हायकल मायलोपॅथी. म्हणजे मानेचे मणके झिजून आतला मज्जारज्जू दाबला जातो आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही.

माझं वय शहात्तर. कसबा बावड्यात राहतो. चार महिने सदऱ्याची बटणं लागत नव्हती. चप्पल वाटेत सुटून मागे राहायची आणि मला कळायचंही नाही. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही सोडू नका.

नक्की किती दाब आहे ते पाहायला एमआरआय करायचं ठरलं. मोठ्या लोहचुंबकाच्या यंत्रात माणसाला झोपवून आतल्या नसांचे फोटो काढतात. त्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. शरीरात धातूचा तुकडा आहे का, असा त्यात प्रश्न असतो. संभाजीनं मला न विचारताच 'होय'वर खूण केली.

"एकाहत्तरच्या लढाईतला छर्रा हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "उजव्या मांडीत. आजून आत हाय."

बाकावरचा एक माणूस उठला. "सैनिक हायसा व्हय? बसा की हितं." मी बसलो.

यंत्रावरचा माणूस मात्र मान हलवत म्हणाला, "मग न्हाय घालता येणार आत. चुंबक हाय त्यो. तुकडा हालला तर शीर फाटंल. आधी मांडीचा एक्स-रे काढून आणा."

तिथंच बोलायला हवं होतं. मी काठी धरून एक्स-रेच्या खोलीकडे निघालो.

दोन तासांनी डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली. "मांडीचं हाड पूर्वी मोडलेलं दिसतंय. छान जुळलंय. धातू मात्र कुठेच नाही."

"परत काढा," संभाजी म्हणाला. "मशीन बिघडलं आसंल."

"मशीन ठीक आहे. त्या वेळी लष्कराच्या दवाखान्यातच तुकडा काढला असेल. आबांच्या लक्षात राहिलं नसेल. होतं असं."

बाईंनी नकळत मला वाट काढून दिली होती. संभाजीचा चेहरा मोकळा झाला. मी हो म्हणालो. पन्नास वर्षं मी हेच करत आलो होतो.

एमआरआयला चाळीस मिनिटं लागली. पुढं कुणाला करायचा असेल तर आत सरकवायच्या आधीच डोळे मिटा, म्हणजे छत नाकाशी आल्याचं कळत नाही. आवाज फार होतो, पत्र्यावर घण घालावेत तसा. हलायचं नसतं. मला त्या आवाजात जे आठवायला नको होतं तेच आठवलं.

मी आणि दस्तगीर दोघंही फौजेत ट्रकचालक. तो गगनबावड्याचा. तोफेचे गोळे पडू लागले तेव्हा मी ट्रकमधून उडी टाकून पळालो, खड्ड्यात पडलो आणि मांडी मोडली. पुढचा ट्रक पेटला होता. आत दोघं अडकले होते. दस्तगीर माघारी गेला. त्यानं दोघांना ओढून काढलं. छर्रा त्याच्या मांडीत गेला. डॉक्टर म्हणाले, शिरेजवळ आहे, काढण्यात धोका आहे, राहू दे.

मी लंगडत गावी आलो तेव्हा हलगी लावून मिरवणूक काढली. माईकवरून कुणीतरी म्हणालं, शत्रूचा छर्रा अंगात घेऊन आलाय आपला श्रीपती. मी खोडून काढलं नाही. लोकांनी विचारलं तेव्हा सांगायला गोष्ट लागली, ती मी दस्तगीरची सांगितली. मग दरवर्षी झेंडावंदनाला मला फेटा, शाल, नारळ आणि माझं तेच भाषण.

एका वर्षी भाषण चालू असताना दस्तगीर मागच्या रांगेत दिसला. रजेवर आला होता, मला भेटायला. हातात मधाची बाटली. मी थांबलो नाही, थांबता आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "चांगलं बोललास," म्हणाला आणि जेवायलाही न थांबता एसटीनं गेला. त्यानंतर मी कधी त्याच्याकडे गेलो नाही. दीड-दोन तासांची वाट.

यंत्रातून बाहेर आल्यावर मी संभाजीला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "शाळंत सर मला उभं करायचे. ह्याचा बाप बघा म्हणायचे." उठून गेला. तासाभरानं आला, म्हणाला, "चला."

दुसऱ्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "त्यो माणूस जित्ता हाय का?"

"ठाऊक न्हाय."

"ते बी ठाऊक न्हाय?"

त्या प्रश्नाइतकं ऑपरेशनही दुखलं नाही.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टॉमी. मानेच्या मागून मणक्यांचा थोडा भाग काढून मज्जारज्जूला जागा करून देतात. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "जे गेलंय ते सगळं परत येईल असं नाही. पुढे बिघडू नये म्हणून हे करायचं." मी म्हटलं, एवढं पुरे.

नंतर गळ्यात पट्टा बांधून मी पडून होतो. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे दारातून कोण येतंय ते जवळ आल्यावरच कळायचं. पाचव्या दिवशी संभाजी आला. मागून पाय घासत चालल्याचा आवाज.

"शिरप्या, लेका, गळ्यात काय बैलाचं लोढणं बांधलंया व्हय?"

संभाजी मला न सांगता गगनबावड्याला गेला होता.

मी म्हणालो, "तुझी गोष्ट मी माझी म्हणून सांगितली."

"मला काय सांगतोस? मी ऐकलीती की. मागं बसून."

"मग तवाच उठून का बोलला न्हाईस?"

"तुझी आई पुढच्या रांगंत बसलीती. पदर डोळ्याला लावून." जरा थांबून तो म्हणाला, "राग आला न्हवता असं न्हाय. लई आलता. मध फुकट गेला म्हणून तर जास्तच."

संभाजी हसला. मला हसता येत नव्हतं, टाके ओढत होते.

यंदा फेटा नको, असं मी गावात कळवलं आहे, कारणासकट. दस्तगीरला बोलवा म्हटलं, तर तो म्हणतो, "ह्या वयात मला कशाला उनात बसवतोस?" काहीजण माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे.

त्याचा पाय घासण्याचा आवाज डॉक्टरबाईंनीही ऐकला होता. त्याच्या कंबरेत वर्षानुवर्षं कळ होती आणि पायाला मुंग्या. एकटा माणूस, दाखवायला कुणी नेलं नव्हतं. मी पट्ट्यासकट चालू लागल्यावर आम्ही त्याला त्याच दवाखान्यात नेलं. तोच फॉर्म पुढं आला. त्याला चष्म्यातूनही दिसत नव्हतं. संभाजी पुढं झाला, तर मी म्हटलं, आण इकडं.

माझी बोटं अजून पेन नीट धरत नाहीत. शरीरात धातूचा तुकडा आहे का? मी 'होय'वर खूण केली. खाली विचारलं होतं, कुठे आणि कसा. मी लिहिलं, उजवी मांडी. एकाहत्तरच्या लढाईत, पेटलेल्या ट्रकमधून दोघांना बाहेर काढताना.

"एवढं कशाला ल्हितोस?" दस्तगीर म्हणाला. "डॉक्टरला काय करायचंय त्याचं?"

"गप बस," मी म्हटलं.

रकाना लहान होता. अक्षरं वाकडी होत बाहेर गेली. मग मी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला, कारण सही त्याची लागत होती.