शेवटच्या बाकावरची एस्तेर आत्या

पायपेटीशी बसण्याआधी एस्तेर आत्या चपला काढून भिंतीला लावून ठेवायची. मग तिची अनवाणी पावलं खालच्या पट्ट्यांवर एकाआड एक हलू लागत आणि त्या काळ्या लाकडी पेटीच्या पोटातून आधी नुसता श्वास येई — जुन्या कापडी भात्याचा, दमट, जरासा धापा टाकणारा — आणि त्या श्वासामागून सूर. लोणावळ्याच्या आमच्या लहानशा दगडी चर्चमध्ये पावसाळ्यात धुकं सरळ दारातून आत येऊन बसायचं. ओल्या छत्र्यांचा, खोबरेल तेलाचा, बुरसलेल्या गीतांच्या पुस्तकांचा वास… आणि त्या सगळ्यात मिसळलेला तापल्या लाकडाचा एक वास, कारण आत्या ते चार महिने पेटीच्या आत विजेचा एक पिवळा दिवा जळता ठेवायची. नाहीतर ओलीनं पट्ट्या फुगून अडकत.

ती बाबांची थोरली बहीण. मिशनच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून ती वाजवायला शिकली आणि सोळाव्या वर्षापासून तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. गावातल्या ख्रिस्ती घरांमधली लग्नं, बाप्तिस्मे, माती — तिच्या बोटांखालून गेलं नाही असं काही उरलं नव्हतं. आठवडाभर ती नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवी आणि रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आजी, आई, बाबा आणि मी यांच्याबरोबर राही. माझ्या वेण्या तीच घालायची — इतक्या घट्ट, की डोळे ताणले जात.

मी नऊ-दहा वर्षांची असताना, एका मे महिन्यात, बेचाळिसाव्या वर्षी आत्यानं लग्न केलं. ओव्हाळ सर तिच्याच शाळेतले. औंढ्याचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांचं घर बौद्ध. दोघं वडगावला गेली, नोंदणी करून संध्याकाळी परत आली. आत्यानं शाळेत नेसायची तीच निळी साडी नेसली होती. आजीनं दोघांना बसवून शिरा खायला घातला आणि एवढंच विचारलं, "माणूस नीट आहे ना? मग झालं."

चर्चमध्ये मात्र तेवढ्यानं भागणार नव्हतं.

पुढच्या रविवारी उपासना संपली तरी कोणी उठलं नाही. पंचांचे प्रमुख योसेफकाका उभे राहिले. ते निवृत्त इंजिन ड्रायव्हर. आवाज घाटातल्या शिट्टीसारखा खोल. माणूस वाईट नव्हता — माझ्या आईच्या आजारपणात त्यांनीच रात्रंदिवस धावपळ केली होती — आणि म्हणूनच त्या दिवशी त्यांची अधिक भीती वाटली असावी.

"एस्तेरबाईंविषयी मनात आकस नाही," ते म्हणाले. "पण चर्चबाहेर लग्न केलेल्या माणसानं उपासनेत वाजवायचं का, हे ठरलं पाहिजे. वाजवू नये असं ज्या पंचांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

पंच सात होते. योसेफकाकांचा हात गेला, मग आणखी दोघांचे. तीन. आत्या पेटीशीच बसलेली. तिनं मान वळवून पाहिलं. मी आईच्या कुशीत होते आणि आईचा श्वास थांबलेला मला कळत होता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी चिक्कीवाल्याशी हुज्जत घालत होतं, त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता…

चौथा हात माझ्या बाबांचा होता.

आत्यानं पेटीचं झाकण लावलं, चपला पायांत सरकवल्या आणि ती बाकांमधून चालत गेली. बाबांच्या जवळून जाताना ती थांबली नाही.

त्यानंतरचे रविवार मला अजून काट्यासारखे सलतात. आत्या औंढ्याहून चालत यायची, एकटी, आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. पेटी बंद. योसेफकाका स्वतःच गीताला सुरुवात करायचे, दर वेळी एक पट्टी वर, आणि तिसऱ्या कडव्याला बायकांचे आवाज फाटायचे. मी मागे वळले की आई हळूच माझी मान पुढे करायची. घरी बाबा जेवताना ताटाकडे बघत. आत्याचं नाव घरातून असं नाहीसं झालं, जणू ते उच्चारलं तर काहीतरी फुटेल. आजी तेवढी दर शनिवारी पिशवीत काहीबाही भरून औंढ्याला जायची, आणि एकदा परत आल्यावर बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं माझ्या आईला म्हणाली, "माझ्या मातीला एस्तेरच वाजवेल. दुसरं कोणी वाजवणार असेल तर मला उचलूच नका."

त्या पावसाळ्यात पेटीत दिवा लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्याही नाही.

आणि त्या दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन श्रावणात, आजी गेली. दोन दिवसांच्या तापानं.

दुपारी तीनची वेळ, पण आत दिवे लावावे लागले होते. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की पाळकसाहेबांची प्रार्थना तुकड्यातुकड्यांनी ऐकू येई. पायपेटीसमोर आजीची शवपेटी — फुलांनी झाकलेली, आणि तिच्या कडेनं ओघळणारं पाणी. आत्या चिंब भिजून शेवटच्या बाकावर बसली होती. ओव्हाळ सर पडवीत, छत्री मिटून उभे. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला. योसेफकाकांनी घसा साफ केला.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते पहिल्या बाकावरून उठले आणि मधल्या वाटेनं मागे गेले. त्यांच्या ओल्या बुटांचा आवाज मी मोजत होते. आत्यापुढे ते उभे राहिले.

"अक्का, चल. आईनं सांगितलं होतं."

आत्यानं मान वर केली. "हात तू सगळ्यांसमोर वर केलास, दानी. आता विचारायचं तेही सगळ्यांसमोर विचार."

बाबा वळले. माझे बाबा, जे चारचौघांत कधी मोठ्यानं बोलत नसत, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझी बहीण वाजवणार आहे," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "माझी बहीण वाजवणार आहे. ज्याची हरकत असेल त्यानं हात वर करावा."

पाऊस. नुसता पाऊस…

एक हात वर गेला. योसेफकाकांचा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. ते जे मानत होते, तेच मानत राहिले. पण दुसरा हात कुठेच उठला नाही — तेव्हा त्यांच्याबरोबर हात वर केलेले दोघे आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. आत्या उठली. त्या वर केलेल्या हाताखालून जावं तशी ती काकांच्या शेजारून पुढे गेली, चपला काढल्या, झाकण उघडलं.

पट्ट्या ओलीनं फुगल्या होत्या. तिनं पहिला सूर दाबला आणि काहीच आलं नाही. दुसरा दाबला तो खाली जाऊन वर येईना. कोणीतरी हुंदका दिला. आत्यानं एक-एक पट्टी चाचपून पाहिली, आंधळ्या माणसानं ओळखीचा चेहरा चाचपावा तशी, आणि जे सूर शिल्लक होते तेवढ्यांवर गीत उचललं. जिथे सूर नव्हता तिथे ती स्वतः गुणगुणत होती. दुसऱ्या कडव्याला योसेफकाकांचा हात खाली आला. ते गाऊ लागले — या वेळी तिच्या पट्टीत.

पुढच्या रविवारपासून आत्या पुन्हा पेटीशी बसू लागली. हात कोणी मोजले नाहीत, ठराव कोणी बदलला नाही. ती बसली आणि झालं. बाबांशी मात्र बोलली नाही. पाच वर्षं! माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "बाजूला हो, दार अडवून काय उभा राहिलायस? आत येऊ दे." बाबा स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ती एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत वाजवत होती. माझ्या लग्नात तिनं वाजवलं, योसेफकाकांच्या मातीलाही. पुढे बोटं वाकडी झाली, पेटीच्या जागी विजेचा कीबोर्ड आला, आणि ती बायकांच्या बाकांवर बसून गाऊ लागली. मागच्या वर्षी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ती गेली.

तो चौथा हात का, हे मी बाबांना तिच्या मातीनंतर विचारलं. "आदल्या दिवशी योसेफकाका म्हणाले, उद्या तुझ्या पोरीचं लग्न कोण लावणार?" बाबा म्हणाले. "मी घाबरलो. तिला हे सांगितलं नाही कधी. तुझं नाव मधे आलं असतं."

आता बाबा त्र्याऐंशीचे आहेत. दर बुधवारी रिक्षा करून ते औंढ्याला जातात. ओव्हाळ सरांना, आत्याच्या नवऱ्याला, आम्ही मामा म्हणतो. मामा त्यांच्याहूनही थकलेले. परवा मीही गेले होते. दारापुढच्या खाचरात भात पोटरीला आलेला, लोंब्या फुटायच्या बेतात, त्याचा कोवळा गोडसर वास घरभर. मामा शेगडीशी उभे राहून चहा टाकत होते आणि काहीतरी गुणगुणत होते — बेसूर, पण चाल चर्चमधली. शाळेत आयुष्यभर शुद्ध बोललेला हा माणूस घरात मात्र औंढ्याचंच बोलतो.

"चाली मला समद्या येत्यात," ते म्हणाले. "तांदूळ निवडताना, भाकरी थापताना, लय ऐकल्या. पर शब्द तिनं घरात कधी म्हनले न्हाईत. मला अवघड वाटंल म्हनून असंल… मी बी कधी इचारलं न्हाई. काय हायेत वो शब्द, दानीभाऊ?"

बाबा काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी पहिली ओळ सांगितली, शाळेतल्या पाठासारखी सावकाश. मामांनी ती चालीत बसवून म्हटली. मग दुसरी. तिसऱ्या ओळीला बाबा अडले. ओठ हलत राहिले, आवाज येईना.

"असू द्या," मामा म्हणाले. "घाई न्हाई." आणि त्यांनी पातेल्यात आणखी कपभर पाणी ओतलं.