लाकडी बोटीतलं लोखंड

धक्क्यावरच्या बोटींचं वायरिंग करणारी म्हणून तिला सगळे वायरवाल्या बाई म्हणत. वय पन्नाशीचं, तोंड फटकळ, हात मात्र साफ. नवरा सुतार. त्यानं सहा वर्षं खपून दोघांसाठी लाकडी बोट बांधली होती, पितळी खिळ्यांची. लोकांच्या बोटींत होकायंत्राच्या सेन्सरची जागा तासाभरात ठरवणाऱ्या या बाईनं स्वतःच्या बोटीत मात्र आठव्या दिवशी हात टेकले.

सेन्सर म्हणजे तळहाताएवढी डबी. उत्तर कुठं आहे ते ओळखून ती सुकाणूजवळच्या पडद्याला कळवते. पण लोखंड जवळ आलं की बिथरते. म्हणून तिला इंजिन, स्पीकर, जाड तारा, सगळ्यांपासून लांब ठेवायचं. शिवाय बोटीच्या मध्यावर आणि खाली, जिथं हेलकावे कमी.

केबिनमधल्या बाकाखालची जागा अगदी आदर्श. तिथं चौदा अंशांची चूक आली. बाईनं हत्यारांची पेटी बाहेर काढली, डबे काढले, चूक तशीच. मग डबी कपाटात लावली, मग संडासातल्या फळीवर. डबी खराब असेल म्हणून दुसरी आणली. तीही पहिलीसारखीच बोलली. बोटीच्या पुढच्या टोकाला मात्र आकडे बरोबर आले.

"मग राहू दे की तिथंच," पॉलिश पेपर घासता घासता नवरा म्हणाला.

"लाट आली की तिथं आकडे माकडासारखे उड्या मारतात!"

"थोडाफार फरक चालतो गं."

"धुक्यात ते खडकाला सांगा, थोडाफार चालतो म्हणून!"

नवरा खाली मान घालून पुन्हा पेपर घासायला लागला. बाईला आता स्वतःचाच संशय यायला लागला. तीस वर्षांचं काम विसरले की काय? सातव्या दिवशी केबिनचं दार लावून ती थोडी रडलीही.

नवव्या दिवशी तिनं हातातलं साधं होकायंत्र घेतलं आणि तळाच्या फळ्यांवर रांगत बोटीचा इंच न् इंच धुंडाळला. उजव्या बाजूच्या एका फळीपाशी काटा गर्रकन फिरला.

"ती फळी नको काढूस," नवरा घाईनं म्हणाला. "नुकतंच पॉलिश केलंय."

तिनं फळी उचकटली. खाली गोणपाटात गुंडाळलेली आठ लोखंडी वजनं, भंगारातल्या जुन्या तराजूची.

"हे काय आहे?"

"बोट पाण्यात सोडली तेव्हा डावीकडं कलत होती."

"म्हणजे तुमची बांधणी वाकडी!"

"बांधणी ओळंब्यात आहे. तुझ्या चारही बॅटऱ्या डावीकडं आहेत."

बॅटऱ्या तिनंच बसवल्या होत्या, तार कमी लागावी म्हणून.

"मग सांगायला तोंड नव्हतं का?"

"मागं एकदा तुझ्या कामात चूक काढली, तर चार दिवस घरात अबोला होता."

"आणि नऊ दिवस मी इथं डोकं आपटतेय, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जास्त अवघड वाटलं. पाचव्या दिवशी तर जीभच उचलेना."

भांडायला दोघांकडेही धड बाजू नव्हती, याचाच तिला जास्त संताप आला. दोन बॅटऱ्या उजवीकडं हलवायला, आपलंच देखणं वायरिंग उसवून पुन्हा करायला तिला दोन दिवस लागले. नवऱ्यानं वजनं एकेक करून हातगाडीवर वाहिली. बोट सरळ तरंगली.

डबी पुन्हा बाकाखाली बसली. शांत पाण्यात बोटीला दोन सावकाश गोल फेऱ्या मारून त्यांनी ती उत्तरेशी जुळवली. चूक आता दोन अंशांवर आली होती.

"जमलं की!" नवरा म्हणाला.

"पहिल्या दिवशीच जमलं असतं," ती म्हणाली, आणि पितळी स्क्रू पिळत राहिली. बोट धक्क्याला लागली. दोर बांधताना ती म्हणाली, "यापुढं माझं चुकलं तर तिथल्या तिथं सांगा. मी चिडेन. चिडू द्या."

"बरं," तो म्हणाला.