सुती हाय का, बाई?

साडीच्या काठाचा एक धागा ओढायचा, कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढायची, धागा चिमटीत धरून पेटवायचा आणि विझला की बोटांनी चोळून पाहायचा. याडीची ही परीक्षा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने दिलेली आहे. बोटांना राख लागली की तिचा चेहरा खुलायचा. टणक काळी गोळी लागली की ती साडीची नीट घडी घालून परत करायची.

"हे पन्नी हाय, बाई. राहू द्या तुमाले."

पन्नी म्हणजे आमच्याकडे प्लास्टिकची पिशवी. दिवाळीत मिरवलेल्या साडीला कोणी पन्नी म्हटलं तर तुम्हालाही राग येईल. मला पहिल्यांदा चांगलाच आला होता.

याडी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. आमच्या घाटंजीहून अर्ध्या तासाच्या चालीवर तिचा बंजारा तांडा. गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यावर लहानथोर सगळे तिला याडीच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. खरं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या वयाच्या तांड्यावरच्या बाया घागरा-कांचळीत असत, पण गावातल्या घरांत काम करता करता हिने सुती पातळ धरलं ते कायमचं. पातळं दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर.

तिचा एक नियम होता. सव्वा महिना बाळाच्या अंगाला नवं कापड लागता कामा नये. जुनं पाहिजे, सुती पाहिजे, आणि तेही भरपूर जगलेल्या माणसाच्या अंगावरचं. "म्हाताऱ्याचं वय लेकराले लागते," ती सांगायची. त्यामुळे कोणाकडे दिवस भरत आले की ती आधी त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसे, आणि निघताना दारात विचारी, "सुती हाय का, बाई?"

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आली तेव्हा तिने बाळाचं सगळं फोनवरून मागवून ठेवलं होतं. बदकांचं चित्र असलेल्या खोक्यात टोपडं, झबलं, पायमोजे, दुपटं. हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं मऊ. याडीने दुपट्याचा धागा काढला, पेटवला, चोळला.

"मऊ तं लय हाय. बाहुलीले घाला."

"त्यावर लिहिलंय, याडी. बाळाच्या त्वचेसाठी खास," मुलगी फणकारली.

"लेकराले वाचता येते काय?"

मुलीने हट्टाने दोन दिवस तेच घातलं. एप्रिल महिना होता, आणि आमच्याकडचा एप्रिल काय असतो हे मी सांगायला नको. तिसऱ्या दिवशी बाळाची मान आणि जांघा लाल झाल्या. पोर रडून रडून निळी पडायला लागली. "त्याले घाम येते, बाई, बोलता येत नाई," याडी एवढंच म्हणाली. मुलीला ती एका शब्दाने लागेल असं बोलली नाही.

तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. नव्वदी ओलांडलेली, पण कान तिखट. त्यांनी पलंगावरूनच आपली ट्रंक उघडायला लावली. आत सात नऊवारी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. याडीने एक उचललं, काठाला दाताने नखाएवढी चीर दिली आणि दोन हातांनी ओढलं. कात्री नाही की माप नाही. अर्ध्या तासात लंगोट, दुपटी, डोक्याला बांधायची फडकी, सगळी चळत तयार. बाळ त्या दुपारी झोपलं ते दिवेलागणीलाच उठलं.

जाताना याडी सासूबाईंच्या पायाशी बसली. "बाकीचे सहा जपून ठेवजा, मोठ्या बाई. आमच्या तांड्यावर सुती कोनाकडेच नाई राह्यलं. माह्या नातीनीचं लगन झालं हाय. तिच्या बाळंतपणाले मागीन मी."

"दिली म्हणून समज," सासूबाई म्हणाल्या. मी तिथेच उभी होते.

आता माझंही थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या जणी डबा खाता खाता फोनवर साड्या-कुर्ते बघतो. कोणी एकीने मागवलं की बाकीच्यांना चैन पडत नाही. पार्सल आणून देणाऱ्या मुलाला माझं घर माझ्या भावापेक्षा चांगलं माहीत आहे. शिवाय देण्याघेण्याच्या साड्या. तुमच्याही कपाटात त्यांचा एक कप्पा असेलच. त्या कोणी नेसायला घेत नाही. तुम्ही मला देता, मी वहिनीला देते, वहिनी विहिणीला, आणि त्यांच्यावरची पिन कोणीच काढत नाही.

याडीलाही सव्वा महिना संपला की घरोघरी अशीच साडी मिळायची. मानाची म्हणून ती नाकारायची नाही. तिच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, बकरीचं दावं, छपराखालचा पडदा, चुलीजवळच्या लाकडांचा भारा, सगळं आमच्या गल्लीच्या साड्यांनी बांधलेलं. एका दाव्यात मी माझी जांभळी ओळखली. "बकरी लय खुश हाय तुमच्यावर," याडी म्हणाली.

कापूस फुटला की ती न्हाऊ घालायचं काम सांभाळून वेचणीलाही जायची. एकदा ओटीतलं कपाशीचं बोंड दाखवत मला म्हणाली, "पऱ्हाटी आमच्या दारापावतर हाय, बाई. ट्रकाच्या ट्रका भरून जाते. अन् लेकरू गुंडाळाले घरात चिंधी नाई. हे कसं होऊन राह्यलं?" सरकारी माणसाला विचारावं तसं तिने मला विचारलं होतं, आणि सरकारी माणसासारखीच मी मान हलवली.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि त्यांची ट्रंक मला अडचण वाटायला लागली. माझ्या दोन कपाटांत घडी ठेवायला जागा नव्हती आणि नुकतीच आणखी दोन पार्सलं आली होती. एका रविवारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली. मी तिच्यापुढे माझे कुर्ते टाकले. तिने ते पायाने बाजूला सारले. "याचं पुसनं बी होत नाई. सुती काई असंन तं द्या." मी आत जाऊन सहा लुगडी आणली आणि पोह्यांसाठी स्टीलचा मोठा डबा घेतला. पाच मिनिटांचं काम.

याडीला दिलेला शब्द मी विसरले होते असं म्हणणं सोपं आहे. मी विसरले नव्हते. चिंध्यांसाठी कोण परत येणार आहे, असं मला वाटलं.

ती आली. पुन्हा तोच उन्हाळा, दुपारची वेळ, डोक्यावर पदर, घामाने चिंब. "नातीनीले नववा लागला, बाई. मोठ्या बाईचे लुगडे न्याले आलो."

"नणंदेने नेली गं," मी म्हणाले. "आईची आठवण म्हणून." खोटं इतकं पटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं.

याडीने पदराने मान पुसली. "नेन्यासारखेच होते," ती म्हणाली. "मंग दुसरं काई सुती असंन तं पाहू."

मी दोन्ही कपाटं उघडली. आम्ही फरशीवर बसलो आणि एकेक साडी काढू लागलो. ती धागा ओढायची, मी काडी पेटवायची. एकीच्या पट्टीवर ठसठशीत कॉटन छापलेलं होतं. तिचीही गोळी झाली. वर्तमानपत्रावर काळ्या गोळ्यांची रांग लागली आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास कोंदला.

"माय वं! तुमच्या घरी तं पन्नीचं दुकान हाय," याडी म्हणाली आणि खळखळून हसली. मीही हसले. हसता हसता रडू येईल की काय असं वाटायला लागलं.

शेवटी सगळ्या घरात शुद्ध सुती निघाली ती आमच्या ह्यांची तीन बनियनं. भोकं पडली म्हणून मी फेकणारच होते.

"साहेबाचं वय चांगलं जाओ," म्हणत तिने ती पिशवीत घातली.

"याडी, मी बाजारातून नवं सुती आणून देते. चांगलं पाच मीटर."

"नवं बोचते, बाई. कापड वापरून वापरून मऊ होते. सासुरवास, पोरं, बिमाऱ्या, सारं त्याच्यावरून जाते, तवा ते लेकराच्या कामाचं होते. ते इकत भेटत नाई."

नात बाळंत झाल्यावर बारा दिवसांनी मी तांड्यावर बाळ बघायला गेले. हात हलवत कसं जायचं म्हणून बाळंतिणीला साडी आणि बाळाला चमकीचा फ्रॉक नेला होता, इतकी मी सुधारलेली. बाळ खाटेवर झोपलं होतं, फिकट हिरव्या काठाच्या फडक्यात गुंडाळलेलं. तो काठ मी ओळखला. तो याडीच्या अंगावर मी वर्षानुवर्षं पाहिलेला होता. बाहेर दोरीवर लंगोट वाळत होते, ते दुसऱ्या पातळाचे.

याडी कुडाला टेकून बसली होती. अंगावर कोणाच्या तरी घरची केशरी चकचकीत साडी. पदर डोक्यावर ठरत नव्हता, घसरत होता, ती पुन्हा पुन्हा ओढत होती. मान आणि दंड घामोळ्यांनी लाल झाले होते.

"दोन्ही पातळं फाडलीस?"

"एक ओलं राह्यते, एक वाळत राह्यते. एकानं कसं भागन?"

"अगं, मग तू काय नेसणार?"

"मले आता कितीक दिवस नेसाचं हाय." ती बाळाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मोठ्या बाईचं वय भेटलं असतं तं बरं झालं असतं. नव्वद वर्सं. आता माह्यं लागन लेकराले. माह्यं काई लय नाई."

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. लुगडी कुठे गेली, कशाच्या बदल्यात गेली, सगळं. घरात तिसरं कोणी नव्हतं, बाळंतीण झोपली होती. मी उठले, बाळाच्या हातात फ्रॉकची पिशवी टेकवली आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून निघाले.

श्रावणात याडी गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी संपलं. निरोप आला तेव्हा मी कचेरीत होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमच्याकडे बाईमाणूस गेलं की येणारी प्रत्येक बाई तिच्यावर साडी घालते. स्टँडजवळच्या दुकानात मी सुती मागितली. दुकानदार चांगला माणूस आहे, चेष्टा नव्हती करत. "मयतीवर घालाले सुती कोन नेते, ताई? ह्या घ्या, ह्या सगळ्याइले चालते." मी एक गुलाबी घेतली. जरीचा काठ होता.

तांड्यावर याडीची सून पेटी उपसत बसली होती. "सासूले सुतीतच न्या म्हनते सारे. पन सुतीतलं तिचं काईच नाई राह्यलं," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघता येईना. शेवटी याडीला एका नव्या साडीत गुंडाळलं, पिन काढून. वर आणखी अकरा पडल्या. मी दहावी घातली. साड्या एकीवरून एक घसरत होत्या आणि बाया त्या पुन्हा सारख्या करत होत्या. जाळण्याआधी पुरुषमाणसं वरच्या साड्या काढतात आणि नाल्याच्या काठाला टाकून देतात. याडीच्याही तशाच टाकल्या असतील. मी मसणात गेले नव्हते.

त्या पावसाळ्यात नाल्याला दोनदा पूर गेला. दिवाळीनंतर, कापूस फुटला होता तेव्हा, मी सकाळी गाडीने कचेरीत निघाले होते. नाल्याला लागून शेत आहे. रस्त्याकडेच्या ओळीत वेचणीला आलेली एक तरुण बाई पऱ्हाटीत अडकलेलं काहीतरी ओढत होती. गुलाबी रंग लांबूनच दिसला. मी गाडी थांबवली. जरीचा काठ चिखलातही चकाकत होता.

तिने ती साडी झाडांमधून मोकळी केली आणि उन्हात धरली. कुठे फाटली नव्हती, रंगही उतरला नव्हता.

"पुरात वाहून आली असंन कोनाची," ती म्हणाली. "तुमच्या वळखीची हाय काय, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

तिने चिखल झटकला, साडीची घडी घातली आणि आपल्या गठुड्यात ठेवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "लेकराच्या झोळीले होते."