द्वारकाच्या पायांवरची आंघोळ

दिल्लीत आर. के. पुरमपासून लक्ष्मीबाई नगरपर्यंत आपल्या मराठी घरांतली निदान चाळीस-पन्नास मुलं द्वारकाने पायांवर घेऊन न्हाऊ घातली असतील. त्यांतली काही आता गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून ऑफिसात जातात, आईशीसुद्धा हिंदीत बोलतात. पण पहिलं ऊन पाणी अंगावर घेतलं ते द्वारकाच्याच पायांवर.

ती मूळची साताऱ्याकडची. नवरा कृष्णात फौजेत होता. कॅन्टोन्मेंटमध्ये शेजारणींची बाळंतपणं काढता काढता तिचा हात बसला. पुढे कृष्णात गेला. मूलबाळ नव्हतं. गावाकडून दीर-जावांनी "ये" असं काही म्हटलं नाही, म्हणून ही मुनिरक्यात एक खोली घेऊन राहिली. माझ्या दोन्ही नातवंडांना तिनेच न्हाऊ घातलं.

तिची रीत ठरलेली. आधी तेलाने मालिश, मग डाळीचं पीठ नि साय, मग कढत पाणी, आणि शेवटी शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी. बाळ टाहो फोडायचं आणि मग एकदम गपगार व्हायचं. "काकू, घ्या तुमचं गाठोडं," म्हणून ती दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात द्यायची. "चार तासांच्या आत उठलं तर मला बोलवा." कधी बोलवावं लागलं नाही.

तिच्या शेजारच्या खोलीत मीनाक्षी नावाची नागपूरची मुलगी शिकायला होती. तिने एक गिनीपिग पाळला होता, तपकिरी रंगाचा, उंदराहून मोठा, सशाहून लहान. डिसेंबरात शिक्षण संपवून ती घरी निघाली आणि पिंजरा द्वारकाच्या दारात ठेवून म्हणाली, "मावशी, फेब्रुवारीपर्यंत सांभाळा, मग नेते." द्वारकाने त्या मादीचं नाव मैना ठेवलं. महिना व्हायच्या आत मैनेला तीन पिल्लं झाली. पोटुशी होती हे मीनाक्षीलाही ठाऊक नसावं.

द्वारका आमच्याकडे धावत सांगायला आली. "काकू, डोळे उघडे घेऊनच आलीत! अंगावर केस, तोंडात दात. दुसऱ्या दिवशी गवत कुरतडाया लागली!"

"बरं आहे. आमच्याकडे दहा वर्षांच्या घोड्याला अजून भरवावं लागतं," मी म्हणाले.

माझी सून अलका नाक मुरडून म्हणाली, "शेवटी पिगच ना ते!"

"अगं, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक हाय ती माझी," द्वारका म्हणाली. ती हसली खरी, पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं. मैनेला ती रोज कोथिंबीर निवडून घालायची आणि पिल्लांना ओटीत घेऊन बसायची. इतक्या वर्षांत तिच्या हातातलं बाळ संध्याकाळी आपल्या घरी जायचं. ही तीन कुठे जाणार नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा चेहरा उतरलेला दिसला. आमच्याकडे येऊन तिने सांगितलं, मैना सारखी अंग खाजवत होती. पाठीचे केस झडले होते, कातडीला कोंडा धरला होता. हात लावला की ती ताठ व्हायची, पाय झाडायची. पिल्लांच्याही कानांमागे खपल्या धरल्या होत्या.

"खरूज दिसते," मी म्हणाले. "खोबरेलात कापूर घालून चोळ. आमच्याकडे खरजेला तेच करायचे."

अलका आतून ओरडली, "आई, अहो जनावरांचा डॉक्टर असतो ना! त्याला विचारा."

"तुझ्या मुलांच्या वेळी कुणाला विचारलं होतं?" मी म्हणाले, आणि देवापुढच्या डबीतल्या चार वड्या काढून द्वारकाच्या हातावर ठेवल्या.

रविवारी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. आठ दिवस दिल्लीत ऊन पडलं नव्हतं. द्वारका पाटावर पाय पसरून बसली आणि एकेक पिल्लू पायांवर घेऊन तिने सगळं रीतसर केलं. कापराचं तेल, पीठ, ऊन पाणी, धुरी. ती इवलीशी पिल्लं पिठाच्या लगद्यात उंदरासारखी दिसत होती. मी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पिल्लं आधी किंचाळली, मग फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळल्यावर गप झाली.

"बघा, कशी निवली," द्वारका म्हणाली.

आम्ही चहा केला. गप्पा मारत प्याला. तिने फडकं उलगडलं तेव्हा एक पिल्लू लाकडासारखं झालं होतं. दुसरं तोंड उघडून श्वास ओढत होतं, ते तिच्या तळहातावरच थांबलं. तिसरं तिने स्वेटरच्या आत छातीशी घातलं. मैनेला मी टोपलीत घेतलं आणि रिक्षा करून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीण तरुण होती. तिने तिसरं पिल्लू टेबलावर ठेवलं, कानाला नळी लावली आणि नकारार्थी मान हलवली. मग वास घेऊन म्हणाली, "माताजी, ये क्या लगाया है?"

"कपूर," द्वारका म्हणाली.

"किसने बताया आपको?"

मी टोपली धरून तिच्या शेजारीच उभी होते.

"किसीने नहीं. मेरी ही अकल," द्वारका म्हणाली.

मी टोपलीचा कान नीट केला.

डॉक्टरणीने मैनेची कातडी जरा खरवडून काचेखाली पाहिली. काही दिसलं नाही. तरी ती म्हणाली, लक्षणं माइट्सचीच आहेत. डोळ्यांना न दिसणारा किडा, कातडीत घर करतो. खरवडून दर वेळी सापडतोच असं नाही. मैनेचं वजन करून तिने सुई दिली आणि दहा-दहा दिवसांनी अजून दोनदा आणायला सांगितलं. पिंजरा कढत पाण्याने धुवा, आतलं गवत-फडकी फेकून द्या, म्हणाली. तेल नको, आंघोळ नको, धूर तर नकोच.

"छोटे बच्चों को भी देते?" द्वारकाने विचारलं.

"देते हैं ना. तौल के, बस ज़रा सा."

"कितना?"

डॉक्टरणीने रिकाम्या सुईच्या टोकाशी बोट धरून दाखवलं, इतकं. द्वारका त्या बोटाकडे बघत राहिली. मलाच तिला दंडाला धरून बाहेर आणावं लागलं.

मैना वाचली. तीन सुयांनंतर तिची खाज थांबली, पाठीवर मऊ केस आले. मीनाक्षीचा नुसता फोन आला, "मावशी, तुमच्याकडेच राहू दे." द्वारका तिचं सगळं करायची, पण उचलताना मध्ये फडकं धरायची.

मार्चमध्ये लक्ष्मीबाई नगरच्या विजयालक्ष्मीबाईंची मुलगी बाळंत झाली. द्वारकाला बोलावणं गेलं. तिने हात दुखतात म्हणून कळवलं. तिचे हात कधी दुखले नव्हते. मी मुनिरक्याचे ते अरुंद जिने चढून गेले.

"द्वारका, कापूर माझा होता," मी म्हणाले. "आणि तिथे मी तोंड उघडलं नाही."

"मला ठाव हाय की." ती कोथिंबीर निवडत होती. "कापूर तुमचा, काकू. पण मरण माझ्या पायांवर आलं नि मी म्हणाले, निवली. इतकी वर्सं पोर गप झालं की मला वाटायचं, आपला हात चांगला."

"अगं, ती माणसांची मुलं होती. सगळी धडधाकट आहेत."

"हायत. माझं नशीब."

मी तिच्या शेजारी बसून कोथिंबीर निवडू लागले.

बारशाला मी तिला ओढूनच नेलं. विजयालक्ष्मीबाईंनी बाळ तिच्यासमोर धरलं, तर ती पदराखाली हात घेऊन मागे सरली. बाळाने घर डोक्यावर घेतलं होतं. सगळ्या बायका गप करायला धावल्या, कुणी खुळखुळा वाजवला, कुणी पाळणा हलवला.

"रडू द्या त्याला," द्वारका दारातून म्हणाली. "रडतंय तवर बरं हाय."

आणि बाळाचं रडणं थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही. ते थांबलं तशी पुढे झाली, वाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागतोय का पाहिलं, आणि चप्पल घालून निघाली.