अनुमान आणखी स्पष्ट कर

“अनुमान! घरच्या माणसांवर अनुमान पडायला शिकवता तुम्ही, मॅडम?”

“अहो मनोहरराव, अनुमान करायलाच तर शिकवते मी. माझा विषयच तो आहे.”

“नोडी, बघा! वर तोंडावर कबूल करतात!” मनोहररावांनी नातीची वही टेबलावर आपटली. “शहात्तर वर्षं या म्हैसुरात काढली. कॉलेजात पोरीला आज्यावर संशय घ्यायला शिकवतात, हे आजच ऐकतोय.”

“संशय? संशय कुठून आला मध्येच?”

“तुमच्याच लाल शाईतून! हे काय? ‘अनुमान आणखी स्पष्ट कर.’ आणखी काय स्पष्ट करायचं तिनं? अज्जा खोटारडा आहे, असं?”

कांचननं चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून चार तास घेऊन झाले होते, घसा बसला होता, स्टाफरूमचा पंखा नुसता आवाज करत होता. आणि मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. तिच्या सांगलीच्या मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. मनोहररावांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण आतले काही अर्थ कधी बदलले ते कुणाला कळलंही नाही. तिला मात्र कळायला हवं होतं. सतरा वर्षं झाली होती या गावात.

सतरा वर्षांपूर्वी शरदचंद्रांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, इथं नोकरी लागली. सांगलीच्या कॉलेजात ती तर्कशास्त्र शिकवायची, कायम नोकरी होती. “सोडलीस?” असं कुणी विचारलं की ती “हो, माझ्याच मर्जीनं” म्हणायची, आणि इतक्या झटकन म्हणायची की पुढचा प्रश्न समोरच्याच्या तोंडातच राहायचा.

सरस्वतीपुरमच्या या कॉलेजात तिच्या विषयाला ना विभाग, ना स्वतंत्र खोली. पहिल्या वर्षाची सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशी एकशे दहा मुलं एका हॉलमध्ये कोंबलेली, तीही जेवणानंतर. चित्रान्न खाऊन आलेल्या मुलांना विचार करायला लावायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला जिना चढवण्यासारखं. सायन्सवाले म्हणायचे, सिद्ध करून दाखवा. कॉमर्सवाले विचारायचे, परीक्षेत येणार का? आर्ट्सवाले, प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं, असं म्हणून मोकळे.

एखादा तास मात्र जमून जायचा. यंदा तिनं फळ्यावर लिहिलं होतं, ‘चामुंडी टेकडीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याला हृदयविकार होत नाही.’ फिजिक्सचा गगन म्हणाला, “पण मॅडम, ज्याचं हृदय आधीच दुखतंय तो चढेलच कशाला?” मागून कॉमर्सच्या एकीनं विचारलं, “मोजले किती जणांना?” आणि भुवन नावाचा इतिहासाचा मुलगा उठून म्हणाला, “हे पहिल्यांदा म्हणालं कोण? वरचा नारळवाला?” सगळा हॉल हसला. त्या हसण्यावर कांचननं पुढचे दोन महिने ढकलले होते.

त्याच तासाला तिनं गृहपाठ दिला. घरात सगळे म्हणतात आणि कुणी तपासत नाही असं एक वाक्य घ्या, त्याला तिन्ही शाखांचे प्रश्न विचारा. घरच्या भाषेत लिहिलं तरी चालेल. एकशे दहांत मराठीत लिहिणारी एकटी अन्विता, मनोहररावांची नात. त्या आनंदात कांचननं शेराही मराठीतच लिहिला, आणि तिथंच फसली.

आता तिनं अर्थ समजावून सांगितला. संशय नव्हे, निष्कर्ष. मनोहरराव जरा निवले.

“सरी, असू दे. निष्कर्ष तर निष्कर्ष. मग वाच गं, काय काढलायस तो.”

अन्विता कपाटाला टेकून उभी होती. वही न उघडताच ती बोलायला लागली.

“वाक्य असं आहे. अज्जीनं आपल्या मर्जीनं कॉलेज सोडलं.”

दाराजवळच्या खुर्चीवर सरस्वतीबाई, अन्विताची आजी, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. आल्यापासून त्यांनी फक्त पाणी मागितलं होतं.

“मी सगळ्यांना विचारलं,” अन्विता म्हणाली. तिची मराठी तोकडी होती, अडत अडत येत होती. “बाबा, आत्या, दोन्ही काका. तुम्हाला कुणी सांगितलं? सगळे म्हणतात, अज्जांनी. म्हणजे साक्षीदार चार नाहीत मॅडम, एकच आहे. आणि अज्जीचं मार्कांचं कार्ड सापडलं ट्रंकेत. फिजिक्समध्ये पहिला वर्ग. त्याच्या पुढच्या महिन्यात लग्न.”

“मग? लग्न करणं गुन्हा आहे?”

“तसं कुठं म्हटलं, अज्जा? मी म्हटलं, मर्जीनं, हे कशावरून?”

“मी सांगतो म्हणून!”

“तेच लिहिलंय मी.”

कांचनला हसू आलं, ते तिनं खोकल्यात दाबलं. सतरा वर्षांत अशी मुलगी हाताला लागली नव्हती.

मनोहररावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता, बापाच्या सहीनिशी. “हे बघा मॅडम. वहीवर लिहा, निष्कर्ष चूक. एवढी एक ओळ. नाहीतर हा अर्ज ऑफिसात देतो. पोर उद्यापासून घरी.”

एक ओळ. कांचननं लाल पेन उचललं. चूक, असं लिहिलं तर मुलगी राहते, आणि तिनं शिकलेलं जातं. पाच वाजताच्या बसला अजून वेळ होता, पण पाय आत्ताच भरून आले होते.

“पुरावा अपुरा, असं लिहू का?” ती म्हणाली.

“अपुरा नाही. चूक.”

“मॅडम,” अन्विता हळूच म्हणाली, “तुम्ही लिहिणार?”

पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. “अपुराच आहे, मनोहरराव,” कांचन म्हणाली. “ज्यांनी कॉलेज सोडलं त्यांना कुणी विचारलंच नाही.”

“एवढंच ना? मग विचारा की, समोर तर बसलीय!” मनोहरराव खुर्चीकडे वळले. “काय गं, सांग यांना. आपल्या मर्जीनं सोडलंस, अल्वा? हो म्हण, विषय संपला. पोर इथंच शिकेल.”

सरस्वतीबाई बघत राहिल्या, आधी नवऱ्याकडे, मग नातीकडे.

“अगं, हो म्हण ना! पन्नास वर्षं झाली त्याला!”

त्या उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी तो अर्ज उचलला, चार घड्या केल्या, पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली. मग पदर सावरत दाराबाहेर पडल्या.

“सरस्वती! मी काहीतरी विचारलं!”

व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजत होत्या. मागं वळून न बघता त्या जिना उतरून गेल्या.