गुप्ते साहेबांचं हत्यार

हेमचंद्र गुप्तेच्या घरी फोन नव्हता, आणि तरी फोननेच त्याचा जीव नकोसा करून टाकला होता. फोन होता खालच्या मजल्यावर कुंदाताईंकडे. बदलापुरातल्या त्या अख्ख्या बिल्डिंगीत तो एकच. रविवारी दुपारी हेमचंद्रने पहिला घास तोंडात घातला रे घातला, की जिन्यातून हाक यायची, "गुप्ते, कारखाना!" कुंदाताई पुढचं काही सांगायच्याच नाहीत. सांगायचं होतं काय? कॉम्प्युटर बंद पडले, या, एवढंच. बायको कुमुदिनी त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकायची, आणि हा अंबरनाथला पळायचा.

कारखाना एमआयडीसीत, पाण्याचे पंप बनवणारा. हेमचंद्र तिथे पंच्याऐंशी साली इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर म्हणून लागला. पुढे ब्याण्णवला कॉम्प्युटर आले, तेव्हा ते एकमेकांना जोडायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. नेटवर्क म्हणजे काय हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं! चुकतमाकत, पुस्तकं वाचून शिकला बिचारा. एकच काळी केबल ऑफिसातून निघून ड्रॉइंग खात्यातून थेट स्टोअरपर्यंत जायची, आणि तिच्यावर चौदा कॉम्प्युटर, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ओळीने. केबलच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी धातूची एकेक टोपी. दोन्हीतली एक जरी निघाली, तरी चौदाच्या चौदा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. मग चलन निघायचं नाही, गेटवर माल खोळंबायचा आणि मॅनेजर परचुरे साहेब केबिनच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

दोष म्हणाल तर क्षुल्लक. कुणी टेबल सरकवलं, कुणी फरशी पुसताना केबल ओढली, कधी उंदराने प्रताप केला. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांसाठी हेमचंद्रच लागायचा. एकदा तो पुण्याला एका परिषदेला नुसता ऐकायला गेला, तर जेवणाच्या सुट्टीआधीच निरोप येऊन धडकला. दिल्लीला गेला, तर दुसऱ्याच दिवशी तिकीट बदलून परत. लोक परिषदांहून पिशव्या भरभरून कागद आणतात; हा अर्धी ऐकलेली भाषणं घेऊन यायचा.

शेवटी त्याने ठरवलं, आपल्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवायचं. लिहायची त्याला हौस होतीच. परदेशी मॅन्युअलं वाचून त्याचं डोकं उठायचं. "हे लिहिणारा समोर असता ना, तर कान पिळला असता त्याचा," असं म्हणायचा. चार महिन्यांचे रविवार घालवून त्याने मराठीत एक वही लिहिली, केबलचा दोष कसा शोधायचा यावर, आणि मोठ्या थाटात आनंदाच्या हातात ठेवली. आनंदा म्हणजे कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण सातवी, पण हातात कसब असं, की मेलेली मोटर जिवंत करील. आनंदाने दोन पानं वाचली आणि वही मिटली.

"सायेब, ही पोथी हाय काय? आंघोळ करून वाचू?"

हेमचंद्रला राग आला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच वही उघडली, तर पहिल्या पानावर काय? 'समाक्ष तारेच्या अंत्यबिंदूवरील रोधकाची तपासणी'! त्याचं त्यालाच हसू आलं. अरे, अशाच लिखाणाला आपण इतकी वर्षं शिव्या घालतोय की!

मग आनंदाला शेजारी बसवून त्याने वही नव्याने लिहायला घेतली. नियम एकच. आनंदा ज्या वाक्याशी अडखळेल, ते वाक्य बाद. असं करत करत बावीस पानं झाली. 'केबलच्या टोकाला टोपी असते. आधी ती बघा. आहे? मग घट्ट आहे का बघा. नाही? आसपास शोधा आणि लावा.' अशी सगळी. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडे तो झेरॉक्स काढून बांधून घ्यायला गेला, तेव्हा दुकानदार पानं उलटून म्हणाला, "साब, मराठी में? कंप्यूटर मराठी समझता है क्या?"

"कंप्यूटर को नहीं, आनंदा को समझना है," हेमचंद्र म्हणाला.

परचुरे साहेबांनी वही चाळली, छान म्हणाले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "गुप्ते, इलेक्ट्रिशियनने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. उद्या काही जळलं, तर हेड ऑफिसला मी काय सांगू?" झालं! नव्याची नवलाई नऊ दिवस, इथे तर नऊ मिनिटंही नाही.

पण हेमचंद्र चिवट. त्याच कामावर त्याने इंग्रजीत निबंध लिहिला आणि बंगलोरच्या एका परिषदेला धाडला. म्हणणं साधं होतं. इंजिनियर जागेवर नसला तरी चालेल. साध्या भाषेतलं पुस्तक हाताशी असेल, तर कारखान्यातला इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात नेटवर्क उभं करतो. पहिल्या वर्षी निबंध परत आला. दुसऱ्या वर्षीही आला. सत्त्याण्णवला मात्र पत्र आलं, की निवड झाली आहे, सोमवारी दुपारी बारा वाजता व्यासपीठावरून वाचायचा. कुमुदिनीने ते पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली.

परचुरे साहेबांनी रजा दिली, पण अट घालून. "नेटवर्क बंद पडलं, तर निबंध वाचलेला असो नसो, मिळेल त्या गाडीने परत यायचं. आणि मग हे परिषदांचं खूळ कायमचं बंद. कबूल?"

"कबूल," हेमचंद्र म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा असते, पण व्याख्यानात पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका करून घ्यायच्या राहिल्या होत्या म्हणून हेमचंद्रने त्या दिवशीही रजा टाकली. शनिवारी दसऱ्याच्या सकाळी निघताना कुमुदिनी म्हणाली, "दसऱ्याला निघताय, खरोखरीचं सीमोल्लंघन! या वेळी पुरतं करून या हो. अर्ध्यावरून परत येऊ नका." कल्याणला तो गाडीत बसला आणि रविवारी बंगलोरला पोचला.

सोमवारी सकाळी साडेनऊला, परिषदेच्या हॉलसमोरच्या एसटीडी बूथवरून, त्याने सहज म्हणून कारखान्यात फोन लावला. सहज कसला! आजवर एकही परिषद निरोपावाचून पार पडली नव्हती.

"गुप्ते!" परचुरे साहेब जवळजवळ ओरडलेच. "आठ वाजल्यापासून सगळं ठप्प आहे. सणानंतरचा पहिला दिवस, सात ट्रक गेटवर उभे. निघा तुम्ही."

हेमचंद्रच्या खिशात निबंधाचे कागद, समोर हॉलच्या दारावर त्याच्या नावाची पाटी, आणि इकडे हे. नशीब म्हणावं की काय! क्षणभर वाटलं, आनंदाला फोनवर बोलवावं आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकावं. पण मग बारा वाजता तिथे उभं राहून कुठल्या तोंडाने म्हणणार, की इंजिनियर लागत नाही?

"साहेब," तो म्हणाला, "मी आत्ता निघालो तरी उद्या पोचेन. मुंबईहून माणूस बोलावलात तरी दुपार होईल. मला अर्धा तास द्या. कपाटातली वही काढून आनंदाला द्या."

"आनंदाला?"

"हो, आनंदालाच. अर्ध्या तासात चालू झालं नाही, तर मी निबंध वाचणार नाही. ते खोटंच ठरेल, मग वाचायचं कशाला? तसाच स्टेशनवर जाईन. परत कुठल्या परिषदेचं नावही काढणार नाही."

पलीकडे कपाटाच्या किल्ल्या वाजल्या. मग परचुरे म्हणाले, "अर्धा तास. घड्याळ लावून बसतोय मी."

तो अर्धा तास हेमचंद्रने बूथच्या पायरीवर बसून काढला. बावीसच्या बावीस पानं त्याला तोंडपाठ, आणि प्रत्येक पानावर आता त्याला खोट दिसायला लागली. अकराव्या पानावरची आकृती उलटी तर नाही छापली गेली? केबल मधेच तुटली असेल तर आनंदाला ती तपासायचा मीटर सापडेल का? आणि सापडला तरी साहेब दाराशी कमरेवर हात ठेवून उभे असताना त्या गरीब माणसाचे हात चालतील का? उगाच त्याला तोंडघशी पाडलं, असं वाटून हेमचंद्रला स्वतःचाच राग आला.

दहा वाजता फोन लावला. कुणी उचलेना. दहा पाचला एंगेज. दहा दहाला उचलला.

"सायेब, चालू झालं," आनंदा म्हणाला.

हेमचंद्रचा जीव भांड्यात पडला. "काय झालं होतं रे?"

"वहीत लिवलंय ना, आधी टोपी बघा. बघितली. हापिसातली हाय, स्टोअरकडची नाय. पुढं लिवलंय, आसपास शोधा. टेबलाखाली शोधून शोधून माझी कंबर मोडली. मंग विठाबाई बोलली, काय शोधतोस रं? म्हटलं, सायबांची टोपी. तर बोलली, ती व्हय? ती तर पाटावर हाय!"

विठाबाई म्हणजे स्टोअरची झाडलोट करणारी बाई. खंडेनवमीला कारखान्याची रीत अशी, की प्रत्येकाने आपापलं हत्यार घासूनपुसून पाटावर मांडायचं. फिटरचा पाना, सुताराची पटाशी, ड्रॉइंगवाल्यांच्या पट्ट्या, स्टोअरकीपरचा तराजू. सगळ्यांची हत्यारं मांडून झाली तरी गुप्ते साहेबांचं काही दिसेना. साहेब रजेवर, आणि दुसऱ्या दिवशी एवढ्या लांबच्या गावाला निघालेले. विठाबाईला ते बरं वाटेना. हा माणूस येता जाता त्या टोपीलाच तर हात लावून बघतो, म्हणजे तेच ह्याचं हत्यार, असं धरून तिने ती फिरवून काढली, चिंचेने लख्ख घासली, आत बाहेर हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. कॉम्प्युटर तेव्हा पूजेसाठी बंदच होते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. सोमवारी सकाळी जो तो पाटावरून आपापलं हत्यार उचलून कामाला लागला. दुसऱ्याच्या हत्याराला कोण कशाला हात लावील? साहेबांचं तेवढं राहिलं.

"आतलं कुंकू झटकलं, फडक्यानं पुसलं आन् लावली," आनंदा सांगत होता. "विठाबाई घाबरलीय. तिला वराडू नका, सायेब."

"ओरडतोय कसला! नमस्कार सांग तिला माझा."

मग फोन परचुरे साहेबांनी घेतला. म्हणाले, "पंचवीस मिनिटं. वाचा तुमचा निबंध."

बारा वाजता हेमचंद्र व्यासपीठावर उभा राहिला. पहिली दोन मिनिटं कागदात बघून वाचलं, मग लागला सूर. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी विचारलं, "इंजिनियर नसताना हे प्रत्यक्ष करून पाहिलंय का कधी?"

"हो," हेमचंद्र म्हणाला. "आज सकाळी."

आणि त्याने पाट, चिंच, कुंकू, सगळं सांगून टाकलं. हॉल हसून हसून बेजार झाला. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ती वही आपल्याला पाठवा म्हणून पत्ता लिहून दिला.

जेवण झाल्यावर हेमचंद्रचे पाय सवयीने पुन्हा बूथकडे वळले.

"आता काय, सायेब?" आनंदाने विचारलं.

"काही नाही रे. चाललंय ना?"

"चाललंय की. मघाशी डिस्पॅचवाल्याचा कॉम्प्युटर अडकला व्हता, सातवं पान काढलं, केला सुरू. हितं तुमच्यावाचून कायबी अडलेलं नाय. ठेवा आता, मला कामं हायेत." आणि त्याने खरंच ठेवला.

तुमच्यावाचून काही अडत नाही, असं कुणी तोंडावर म्हटलं तर एखाद्याला ते जिव्हारी लागेल. हेमचंद्रला मात्र पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. रिसीव्हर हातात धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले. बूथवाला घाबरला. "बुरा खबर, सार?"

"नहीं भाई," हेमचंद्र नाक पुसत म्हणाला, "बहुत अच्छा."

मग तो हॉलमध्ये परत गेला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. व्यासपीठावर कुणीतरी मोठा माणूस बोलत होता. पाच मिनिटांत हेमचंद्रची मान छातीवर पडली. चहाच्या वेळी शेजारच्याने हलवलं, तेव्हा तो दचकून अर्धा उठला, निघायचं म्हणून पिशवी शोधायला लागला, आणि मग ध्यानात आलं की आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. तो पुन्हा खुर्चीत टेकला आणि डोळे मिटून घेतले.